रंगवलेलं दार

मे महिन्याच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे ठाण्याला नौपाड्यात राहायला आला, तो व्हिडिओ गेमचा कन्सोल सॅकमध्ये घालूनच. तिसऱ्या दिवशी दुपारी हॉलमधून त्याची हाक आली, "मामा, बघ ना, काय भारी ग्राफिक्स आहेत!" खरंच भारी होते. पावसाने ओला झालेला रस्ता, त्यात हलणारं पाट्यांचं प्रतिबिंब, बेकरीच्या काचेमागे ओळीने मांडलेले पाव आणि त्यांच्या पाठीवरची तुकतुकी. मी म्हटलं, "मग जा की आत." त्याने हिरोला दारापाशी नेलं. दार उघडेना. काचेवर गोळी झाडली, तर एक भोक उमटलं आणि थोड्या वेळाने आपोआप बुजलं. बाहेरच्या खुर्चीला लाथ मारली. खुर्ची ढिम्म.

"एवढं सगळं केलं, मग एक दार उघडायला काय झालं होतं यांना?"

प्रश्न रास्त आहे आणि जुनाही. आमच्या वेळी सायबर कॅफेत तासावर पैसे भरून जीटीए वाइस सिटी खेळताना आम्हीही दुकानांच्या दारांवर गाड्या घालून बघितल्या होत्या. तेव्हा वाटायचं, कॉम्प्युटर मोठे झाले की उघडतील ही दारं. तो गेम २००२ चा. आज कॉम्प्युटर कितीतरी पटींनी मोठे झालेत, पण बहुतेक दारं अजून बंदच आहेत. आळस म्हणून सोडून द्यावं असं हे प्रकरण नाही.

गडकरी रंगायतनला नाटक बघताना सेटवरचा दिवाणखाना आठवा. मागे खिडकी, खिडकीबाहेर रंगवलेलं आकाश. डावीकडचं दार स्वयंपाकघरात जातं असं आपण मानतो. प्रत्यक्षात विंगेत कुणीतरी चहाचा कप धरून उभा असतो. फडताळातली पुस्तकं कधी कधी नुसते पुठ्ठे असतात. यात फसवणूक कसलीच नाही, कारण प्रेक्षक खुर्चीतून उठणार नाही, हे नेपथ्यकाराला ठाऊक असतं. जे दार नाटकात उघडायचं आहे, तेवढंच बिजागरीवर लावायचं. बाकीची रंगवायची.

ओपन वर्ल्ड गेम म्हणजे प्रेक्षकालाच रंगमंचावर सोडून देणं. तो फ्रीज उघडणार, खिडकीतून उडी मारणार, आणि विंगेतल्या कपवाल्याच्या अंगावर गाडीही घालणार. नेपथ्यकाराने करायचं काय? दोनच गोष्टी हाती आहेत: कुठली दारं खरी करायची ते निवडायचं आणि बाकीची इतकी सुंदर रंगवायची की प्रेक्षक तिकडे फिरकणारच नाही. गंमत अशी की दार जितकं हुबेहूब, तितका हात तिकडे जास्त जातो.

आता खर्चाचं बघू. पडद्यावरचं चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं असेल, तर एका चित्राच्या, म्हणजे फ्रेमच्या, वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात. ३० वेळा चालणार असेल तर ३३.३. तेवढ्या वेळात तुमचं बटण वाचायचं, माणसं-गाड्या हलवायच्या, कोण कशावर आपटलं ते बघायचं, आवाज काढायचे आणि शेवटी चित्रही रंगवायचं. सकाळी ठाणे स्टेशनात लोकल जेवढी थांबते तेवढ्यातच चढा-उतरायचं; गाडी कुणासाठी थांबत नाही. गेममध्ये मात्र ती थांबते, आणि त्यालाच पोरं लॅग म्हणतात.

हे काम दोघांत वाटलेलं असतं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे हजारो हात, सगळे एकाच वेळी साधी-सोपी कामं करणारे. फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, फोर-के वर त्याच्या चौपट, जवळजवळ ८३ लाख. पण डावीकडच्या ठिपक्याला रंग देताना उजवीकडच्याला विचारावं लागत नाही. त्यामुळे हात वाढवले की तेवढ्याच वेळात जास्त काम होतं, आणि गेली पंचवीस वर्षं हात वाढतच आलेत.

प्रोसेसर म्हणजे मोजकी पण हुशार डोकी. टेबलाला धक्का लागला, मग पेला पडला, मग फुटला, मग तो आवाज पहारेकऱ्याने ऐकला, मग तो बघायला निघाला, मग वाटेतल्या काचेवरून घसरला. यातलं आधीचं झाल्याशिवाय पुढचं सुरूच करता येत नाही. शिवाय वस्तू वाढल्या की हिशोब भलताच फुगतो. १०० वस्तूंपैकी कोण कोणाला धडकतंय हे जोडी-जोडीने तपासायचं, तर ४,९५० जोड्या होतात. वस्तू १,००० केल्या, म्हणजे दहापट, तर जोड्या ४,९९,५००. प्रोग्रामर मंडळी जागेचे चौकोन पाडून लांबच्या जोड्या आधीच बाद करतात, म्हणून गाडी चालते. पण सगळी पोरं एकाच चौकोनात दहीहंडीसारखी एकमेकांवर चढली की तीही युक्ती हात टेकते.

म्हणजे ग्राफिक्स आणि दार हे एकाच ताटातले दोन घास आहेत, एक कमी घेतला की दुसरा वाढेल, असं सरळ समीकरण नाही. ग्राफिक्स उतरवले म्हणून खुर्ची हलायला लागणार नाही. खरी ओढाताण दुसरीकडे आहे.

ती सगळ्यात स्वच्छ दिसते उजेडात. खोलीत खिडकीतून ऊन येतं, लाल सतरंजीवर पडतं, आणि समोरच्या पांढऱ्या भिंतीवर हलकी लाली चढते. हा उधारीचा उजेड दाखवला की चित्र एकदम खरं वाटतं, पण त्याचा हिशोब अतिशय महाग. म्हणून वर्षानुवर्षं एक तोडगा वापरला गेला: गेम बनवतानाच, कंपनीतल्या मोठ्या मशीनवर तासन् तास हा हिशोब करून उत्तर भिंतीवर चिकटवून टाकायचं. या कामाला तिकडे लाइट 'बेक' करणं म्हणतात. पाव बेकरीत भाजून आणायचा, घरी फक्त तोडून खायचा.

पण भाजलेल्या पावाची पुन्हा कणीक होत नाही. भिंतीवर चढवलेली लाली ही त्या भिंतीची, त्या खिडकीची, त्या सतरंजीची आहे. आता भाच्याने भिंत पाडली तर? बाहेरचं ऊन आत आलं पाहिजे; पण उत्तर आधीच छापलंय, आणि त्यात भिंत उभी आहे. भिंत जाईल, तिची सावली जमिनीवर तशीच राहील. म्हणून भिंत पाडूच द्यायची नाही. खुर्ची हलू द्यायची नाही, कारण तिच्या पायाखालचा मऊ काळोखही कदाचित भाजलेलाच आहे. त्या दुपारची ती ढिम्म खुर्ची बहुधा याच जातीची.

२०१४ मध्ये आलेल्या अॅसॅसिन्स क्रीड युनिटीत हा सौदा उघड दिसतो. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळातलं पॅरिस, नोत्र दामच्या आतला तो धूसर उजेड; आजही कुणाला दाखवला तर गेम जुना आहे हे पटत नाही. मात्र त्याच मालिकेच्या आदल्या वर्षीच्या गेममध्ये सूर्य उगवून मावळायचा. युनिटीत दिवसाचे ठरावीक प्रहरच आले, कारण प्रत्येक प्रहराचा उजेड आधी भाजून ठेवलेला. सूर्य खिळवला तेव्हा ते सौंदर्य परवडलं. रस्त्यावर हजारोंची गर्दी, पण पूर्ण अक्कल दिलेली माणसं तुमच्या जवळची, मोजकीच. तुम्ही पुढे सरकलात की ती अक्कल पुढच्या माणसांना दिली जाते. (एवढं करूनही गेम आला तेव्हा बगनी, म्हणजे प्रोग्राममधल्या चुकांनी, बजबजलेला होता, तो भाग वेगळा.)

याच्या दुसऱ्या टोकाला २००९ चा रेड फॅक्शन गरिला. मंगळावर घडणारा, हातात मोठा हातोडा, आणि कुठलीही इमारत पाडायची मुभा. पाडायची म्हणजे खरोखर पाडायची: कुठला खांब किती भार पेलतोय याचा हिशोब सतत चालू, दोन खांब गेले की उरलेल्यांवर ताण, मग करकर आवाज, मग छप्पर खाली. हा हिशोब इतका चोख होता की बनवणाऱ्यांनी नेहमीच्या सवयीने नुसत्या दिसायला छान इमारती उभ्या केल्या, तेव्हा त्या गेम सुरू होताच आपल्याच वजनाने कोसळू लागल्या. शेवटी चित्रकार मंडळींना खांब-तुळया नीट लावायला शिकावं लागलं. ठाण्यातल्या काही बिल्डरांनाही तो गेम एकदा चालवायला द्यावा, असं पावसाळ्यात मला वाटतं.

पण त्या मंगळाकडे नीट बघा. झाडं फारशी नाहीत. बहुतेक ठिकाणी तांबडी माती, इमारती विरळ, घरांत सामान तुरळक. मंगळ का निवडला याची गोष्टीतली कारणं काहीही असोत, ओसाड ग्रह हिशोबाला सोयीचा होता. आणि इमारती पडतात, जमीन मात्र अभंग. याच मालिकेच्या २००१ च्या पहिल्या गेममध्ये जमिनीला आणि भिंतींना भोकं पाडता यायची. तिथे मोकळं जग नव्हतं. एक दार उघडायचं तर दुसरं लावून घ्यायचं.

आता लक्षात ठेवण्याचा खर्च. जांभळी नाक्याच्या बाजाराचा गेम करायचा ठरवलं समजा. टोमॅटोची एक पाटी. ती नुसती दाखवायची असेल तर वरचा थर खरा आणि खाली पोकळ, काम फत्ते. पण प्रत्येक टोमॅटो उचलता येतो असं म्हटलंत, की प्रत्येकाला स्वतःची जागा, वजन आणि मालक द्यावा लागतो. खेळाडूने पाटी उलटी केली तर साठ टोमॅटो उतारावरून गडगडणार. तो मग स्टेशनवर गेला, तासाभराने परत आला. टोमॅटो कुठे आहेत? गटारात असतील तर ते गटारातच सापडले पाहिजेत, आणि उद्या गेम उघडल्यावरही.

२०११ च्या स्कायरिमने हा हट्ट बऱ्यापैकी धरला. चीजच्या चकत्या, बादल्या, चमचे, सगळं उचलता येतं, फेकलं तिथे पडून राहतं. दुकानदाराच्या डोक्यावर बादली उलटी घातली की त्याला दिसणं बंद होतं आणि खुशाल चोरी करता येते, हे पोरांनी शोधून काढलं. त्याची किंमत प्लेस्टेशन ३ वाल्यांनी मोजली. त्या मशीनमध्ये मुख्य मेमरी २५६ एमबी आणि चित्रांसाठी वेगळी २५६. जसजसं खेळावं तसतशी सेव्ह फाईल, म्हणजे खेळाची साठवलेली नोंद, फुगायची आणि गेम रखडायला लागायचा. स्कायरिममधली माणसं दिसायला ओबडधोबड आहेत अशी तक्रार तेव्हाही होती. मला ते पटायचं, पण बादलीची गंमत त्याहून मोठी होती.

जीटीएने नेमकी उलटी वाट धरली: विसरायचं. २००४ चा सॅन अँड्रियास ज्या प्लेस्टेशन २ वर चालायचा, तिची मुख्य मेमरी ३२ एमबी. आजच्या मोबाइलमधले चार-पाच फोटो त्यात जेमतेम मावतील. एवढ्यात तीन शहरं. मग तुम्ही पाठ फिरवली की मागची गाडी पुसून टाकायची, समोरच्या वळणाआड नवी जन्माला घालायची. शहर गजबजलेलं आहे असं वाटतं, पण ते तुमच्याभोवतीच्या एका वर्तुळापुरतंच असतं.

यात वाईट काही नाही, जोवर खेळाडू वळून बघत नाही. २०२० च्या डिसेंबरात सायबरपंक २०७७ आला. दिसायला अप्रतिम, पण गुन्हा केला की पोलीस गाडीतून न येता थेट पाठीमागे उगवायचे, गच्चीवरसुद्धा. लोक खवळले. जुन्या कन्सोलवर तो इतका अडखळत होता की प्लेस्टेशनवाल्या सोनीने काही महिने तो आपल्या ऑनलाइन दुकानातूनच काढून टाकला. पोलीस रीतसर पाठलाग करायला लागले ते २०२३ च्या २.० अपडेटनंतर. मला त्या रागाचं कारण नेहमी असं वाटतं: तोच प्रकार वाइस सिटीतल्या ठोकळ्यासारख्या शहरात झाला असता तर आम्ही हसून सोडून दिला असता. ओल्या डांबरावर निऑनचं प्रतिबिंब इतकं हुबेहूब दाखवलं, म्हणजे पोलिसांनाही जिना चढून यावं लागणार.

याच कारणाने निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीचं कौतुक वाटतं. झेल्डा ब्रेथ ऑफ द वाइल्ड २०१७ मध्ये आला, आणि तो त्यांच्या तेव्हाच्या नव्या स्विच कन्सोलबरोबर २०१२ च्या वी-यू या जुन्या कन्सोलवरही चालायचा. टीव्हीवर पूर्ण एचडीदेखील नाही, ३० फ्रेम, दाट जंगलात तेही घसरायचे. रंग जलरंगासारखे, गवत म्हणजे कुंचल्याचे फटकारे. आणि इथेच हुशारी आहे. त्यांनी प्रत्येक दारासाठी वेगळा प्रोग्राम लिहिला नाही. आग, पाणी, वीज, वारा अशी तत्त्वं घेतली आणि थोडेच नियम ठरवले: तत्त्व वस्तूला बदलू शकतं, तत्त्व तत्त्वाला बदलू शकतं, वस्तू वस्तूला मात्र बदलू शकत नाही. लाकूड जळतं, पाणी आग विझवतं, धातूवर वीज पडते. एवढ्यावर खेळाडू काय काय करतात! वादळात शत्रूच्या पायाशी लोखंडी तलवार टाकून देतात आणि वीज पडायची वाट बघतात. गवत पेटवून वर उठणाऱ्या गरम हवेवर छत्री उघडून उडतात. स्वयंपाक येणाऱ्या माणसाला हे लगेच समजेल. पन्नास पदार्थांच्या कृती पाठ करण्यापेक्षा फोडणी कधी तडतडते ते कळलेलं बरं.

विसरायचा प्रश्न त्यांनाही सुटला नव्हता, त्यांनी तो गोष्टीत गुंडाळला. अधूनमधून आकाशात रक्तासारखा लाल चंद्र उगवतो आणि मारलेले राक्षस परत जिवंत होतात. मेमरीवर फारच ताण आला तर हा चंद्र अवेळी, भरदिवसादेखील उगवतो, हे खेळाडूंनी पकडलंय. आणि २०२३ च्या पुढच्या भागात कुठल्याही वस्तू जोडून यंत्रं बांधता येतात, पण एका यंत्राला २१ तुकड्यांची मर्यादा. मर्यादा आहे, पण ती स्पष्ट आहे. खोटं दार नाही.

टोकाचं उदाहरण हवं तर ड्वार्फ फोर्ट्रेस. दोन भावांनी बनवलेला, २००६ पासून चालू, आणि पहिली सोळा वर्षं त्याचे ग्राफिक्स म्हणजे कीबोर्डवरची अक्षरं. मांजर म्हणजे इंग्रजी सी. पण त्या मांजराला पंजे होते, पंजाला काय लागलंय याची नोंद होती. एकदा खेळाडूंची मांजरं पटापट मरू लागली. शोध घेतला तेव्हा कळलं की गुत्त्यात दारू सांडते, मांजरं त्यावरून चालतात, मग स्वतःला चाटून स्वच्छ करतात. एका चाटण्यात पूर्ण प्याला पोटात जातो असा हिशोब चुकून लागत होता. हे कुणी ठरवून लिहिलेलं नव्हतं. जर ते मांजर मऊ केसांचं, चमकत्या डोळ्यांचं काढायचं असतं, तर चालण्या-चाटण्याची, लडखडण्याची प्रत्येक हालचाल कुणा माणसाला बसून घडवावी लागली असती. अक्षराला लडखडावं लागत नाही.

माणसाच्या मेहनतीचा हा खर्च फारसा बोलला जात नाही, पण तोच बहुधा सगळ्यात जड. बेकरीचं दार उघडायचं म्हणजे आत बेकरी हवी: भट्टी, ट्रे, गल्ल्यावरचे काका, त्यांचं बोलणं, त्या बोलण्याचं दहा भाषांत भाषांतर. आणि तिथे गेल्यावर करायचं काय, हेही ठरवायला हवं. गोखले रोडवरच्या एका बाजूच्या दुकानांची नुसती दर्शनी भिंत आणि आतून-बाहेरून पूर्ण दुकानं, यात महिने आणि वर्षं एवढा फरक आहे.

शिवाय ग्राफिक्स खालीवर करता येतात, गेमचे नियम मात्र तसे करता येत नाहीत. साधं मशीन असेल तर सावल्या कमी करा, ठिपके कमी करा. गेम तोच राहतो. पण एका मशीनवर भिंत फुटते आणि दुसऱ्यावर नाही असं केलंत, तर मिशनच बदललं. म्हणून भिंत फुटणार की नाही हे सगळ्यात दुबळ्या मशीनकडे बघून ठरतं. २०१३ चं प्लेस्टेशन ४ चित्रांना बरं होतं, पण त्याची आठ डोकी हलक्या, वीज वाचवणाऱ्या जातीची, वेग १.६ गिगाहर्ट्झ. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ ची डोकी दमदार आली खरी, तरी पुढची काही वर्षं मोठे गेम दोन्हींवर निघत राहिले. नव्या डोक्यांना जुन्या डोक्यांच्या पावलाने चालावं लागलं.

बदल होतोय तो उजेडाच्या बाजूने. २०१८ पासून उजेडाचे किरण त्या क्षणी मोजणारी ग्राफिक्स कार्डं घरात येऊ लागली. मेट्रो एक्सोडसची २०२१ ची सुधारित आवृत्ती तर अशा कार्डाशिवाय सुरूच होत नाही. पाव आता घरीच, क्षणाक्षणाला भाजला जातो. मग भिंत पाडायला हरकत निदान उजेडाची तरी उरत नाही. टिअरडाउन या २०२२ च्या गेममध्ये हे दिसतं. सगळं जग बारीक ठोकळ्यांचं, हवं तिथे भोक पाडा, त्यातून ऊन आत येतं. पण नकाशे छोटे, आणि जग ठोकळ्यांचं. उलट अनरियल इंजिन ५ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरने अब्जावधी बारकावे दाखवायची जी युक्ती आणली, ती सुरुवातीला फक्त न वाकणाऱ्या, घट्ट वस्तूंनाच लागू होती. खडक अप्रतिम, पण खडकच.

पाण्याचंही असंच. रस्ता ओला दाखवायचा तर पृष्ठभागाची चकाकी वाढवली, खळग्यांत आरसा ठेवला, झालं. जुलैत वंदना टॉकीजपाशी पाणी चढतं तसं चढवायचं, म्हणजे उतार, गटारं, तुंबलेल्या पिशव्या, स्कूटर ढकलणारी माणसं, सगळ्यांनी त्या पाण्याची दखल घ्यायला हवी. पहिल्याला एक चांगला चित्रकार पुरतो.

हे सगळं मी त्या दुपारी भाच्याला एवढं सांगितलं नव्हतं. निम्मं ऐकून तो वडापाव आणायला पळाला. दिवाळीत परत आला तेव्हा सॅकमध्ये नवा गेम होता. पहिलं मिशन सोडून तो शहरात एक बेकरी शोधत हिंडला आणि सापडल्यावर दार ढकललं. उघडलं. आत एकच माणूस, तीन पाव. "मामा, पाव उचलता येतो!" पाव घेऊन तो बाहेर आला, पावसात रस्त्याकडेच्या डबक्यापाशी उभा राहिला, आणि तरंगतो का बघायला पाव त्यात टाकला.

पाव डबक्यावर पडला, टप्प असा कोरड्या फरशीचा आवाज झाला, आणि तिथेच राहिला. डबक्यात त्याचं प्रतिबिंब मात्र सुरेख पडलं होतं.